कोणती लाइन?

आमच्याकडे विजेला वीज म्हणत नाहीत. वीज आभाळातून पडते, झाडावर नाहीतर गुरावर. तारेतून घरात येते ती लाइन. लाइन आली, लाइन गेली, आज लाइन कमी आहे, मोटर फार लाइन खाते, ओल्या हाताने बटन दाबलं तर लाइन मारते. खांबावर चढणारा तो लाइनमन आणि खांबावरची तार तीही लाइनच. या एका शब्दावर आमच्या लाखनीकडच्या गावांचं सगळं भागतं आणि कुणाचं काही अडत नाही. अडलं ते माझं, कारण मला त्याच लाइनीत नोकरी हवी होती.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे. वर्गात आम्ही मुली अगदीच थोड्या होतो, आणि प्रॅक्टिकलला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "मॅडम, पोळ्या लाटायचं बेलणं नाही ते." मी मागे वळून त्याला सुनावायची आणि मग लॅब असिस्टंट मला सुनावायचे. स्वभावच तसा, नाकावर राग. अभ्यासाचं म्हणाल तर पुस्तकं इंग्रजी आणि मास्तर घाईत. व्ही बरोबर आय आर हे मी झोपेतही म्हणू शकत होते. पण संध्याकाळी आमच्या घरचा पंखा हळू का फिरतो, व्ही कमी झाला की आय की आणखी काही, असं कुणी विचारलं असतं तर मी इतर सगळ्या गावासारखंच सांगितलं असतं की लाइन कमी आहे. तेवढ्यावर पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. घरी पेढे वाटले होते. आता आठवलं की त्या पेढ्यांची लाज वाटते.

पास झाल्यावर एका सबस्टेशनला कंत्राटदारामार्फत ऑपरेटर म्हणून लागले. वहीत रीडिंग लिहायचं, फोन आला की उचलायचा, वरून सांगतील ते बटन दाबायचं. कंत्राट बदललं, नवा कंत्राटदार आपली माणसं घेऊन आला आणि आम्ही सगळे घरी. मग ठिकठिकाणी अर्ज केले. परमनंट म्हणून कुठेच जमलं नाही. शेवटी लाखनीला हायवेवरच्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात काउंटरला उभी राहिले, ती अजून तिथेच आहे. होल्डर, टेप, पंखे, वायरचे बंडल. लोक मला मालकाची भाची समजतात. झिरोचा बल्ब मागायला येतात आणि विचारतात, "झिरोचा हाय म्हणजे बिल झिरोच ना येणार?" सुरुवातीला मी समजावून सांगायची की नाव झिरो असलं तरी तो वीज घेतोच. मग सोडून दिलं. मी डिप्लोमा केलाय हे सांगणंही मी हळूहळू सोडून दिलं.

त्या दुकानाच्या वरच्या खोलीत सरांचा क्लास चालायचा. सर आयटीआयमधून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. तो बोलावून बोलावून थकला, पण सर जात नव्हते. म्हणायचे, "या खोलीतला एक तरी परमनंट लागू दे, मग जातो बाप्पा पुण्याले." खाली ट्रकांची वर्दळ, वर एक फळा, दोन लांब बाकं आणि खिडकीत एक कूलर, ज्यात कधी पाणी नसायचं. आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली, बारावीनंतर काय करावं ते न कळलेली पोरं यायची. कुणी लाखांदूरकडून, कुणी आंबागडच्या बाजूने एसटी बदलून. भरतीची परीक्षा आणि इंटरव्ह्यू यांच्यासाठी 'बेसिक इलेक्ट्रिकल', असं जिन्याशी पाटीवर लिहिलं होतं. दुकान बंद करायच्या आधी मालक मला तासभर वर जाऊ देत असत.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्याकडे बोट केलं. "संध्याकाळी तुमच्या घरचा बल्ब मंद काहून होते?"

"सर, लाइन कमी येते."

"कोणती लाइन?"

मला वाटलं ते गाव विचारताहेत. मी म्हटलं, "आमच्या गावची, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि उजव्या हाताचं बोट वर करून, एकेक शब्द तोडत म्हणाले, "व्होल्टेज कमी येते, का करंट कमी येते, का पॉवर कमी येते? फेज गेला का न्यूट्रल सुटला? कोणती लाइन, ते सांग."

मला सांगता आलं नाही. डिप्लोमा झालेली, सबस्टेशनला काम केलेली मी, आणि मला सांगता आलं नाही. मनातल्या मनात सरांना चार शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले.

मग सरांनी फळ्यावर तलाव काढला. आमच्या जिल्ह्यात ज्याला दुसरं काही काढता येत नाही त्यालाही तलाव काढता येतो. "तलाव भरला हाय. नहराचं गेट बंद हाय. पाणी वाहून राहिलं काय?" आम्ही म्हटलं, नाही. "पण गेटवर जोर हाय ना? तो व्होल्टेज. वाहो न वाहो, जोर असतेच. आता गेट उघडलं, पाणी धावलं, तो करंट. नहरात गवत माजलं, गाळ बसला, पाणी अडलं, तो रेझिस्टन्स. आता सांग, तुझ्या बल्बचं का झालं?"

आमची धानाची बांधी नहराच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. रोवणीच्या दिवसांत वरचे सगळे पाणी घेतात आणि आमच्यापर्यंत येतं ते बोटभर, तेही जोर नसलेलं. बाबा धुऱ्यावर उभे राहून वाट बघतात हे मी लहानपणापासून बघत आले होते. आमचं गावही विजेच्या तारेच्या तसंच शेवटच्या टोकाला. संध्याकाळी वाटेतल्या सगळ्या गावांच्या मोटरी सुरू होतात, लांबलचक बारीक तारेतून करंट भरमसाट धावतो, त्या तारेच्या रेझिस्टन्समध्येच जोर खर्च होतो आणि आमच्या घरी पोचतो तो उरलासुरला व्होल्टेज. मी हे सगळं एका दमात बोलले. बोलता बोलता मला रडू यायला लागलं. तीन वर्षं शिकून जे कळलं नव्हतं ते एका फळ्यावरच्या तलावाने कळलं होतं, याचा आनंद होता आणि त्या तीन वर्षांचा संतापही होता. सर एवढंच म्हणाले, "बस खाली. आता लाइन म्हणजो नोको."

तेव्हापासून त्या खोलीत 'लाइन' शब्दाला बंदी. कुणाच्या तोंडून निसटला की सर बोट वर करत, "कोणती लाइन?" आणि त्याला उभं राहून नेमकं सांगावं लागे. हळूहळू सरांच्या आधी आम्हीच ओरडायला लागलो. एक जण अर्धं वाक्य बोलायचा आणि बाकी सगळे बोटं वर करून, "कोणती लाइन?" त्यात मजा होती, खोटं कशाला बोलू. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, लाइन गेली, की आमच्यातलं कुणी वळून विचारणारच. फोनवर पलीकडचा म्हणाला की लाइनवर राहा, तरी आमच्यातला एक जण सवयीने म्हणाला, "कोणती लाइन?" आणि पलीकडच्याने फोन ठेवून दिला. त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. बेकार माणसांना हसायला तेवढं पुरतं.

घरीही तेच. बाबा अंगणातून ओरडायचे, "बाई, लाइन गेली काय?"

"कोणती लाइन?"

"कोणती म्हणजे? पंखा नाही फिरून राहिला, ते लाइन."

"सप्लाय गेला म्हणा, बाबा."

"सप्लाय म्हणलं तं येते काय?"

आई चुलीपाशी हसायची. माझ्या लग्नाचा विषय तोवर घरात बंद पडला होता. नोकरी लागली की बघू, असं मी इतक्या वर्षांपूर्वी म्हटलं होतं की आता कुणी विचारतही नव्हतं.

सरांनी आम्हाला बरंच शिकवलं. फ्यूज फेजमध्येच का घालायचा, न्यूट्रलमध्ये का नाही. न्यूट्रलला पोरं 'थंडा वायर' म्हणत आणि थंडा म्हणजे त्यात करंट नसतो असं समजत. सरांनी तेही मोडून काढलं. जितका करंट फेजमधून जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, जाणारं पाणी दिसतं आणि परतणारं दिसत नाही म्हणून ते नाही असं नसतं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ओला का ठेवायचा. मोटरला स्टार्टर कशाला. थ्री फेजच्या धड्याला मात्र ते स्वतःच अडखळले आणि हसले. कारण तिथे पुस्तकातच 'लाइन व्होल्टेज' असा शब्द आहे. कुठल्याही दोन फेजमधला व्होल्टेज तो लाइन व्होल्टेज, आणि एक फेज व न्यूट्रल यांच्यातला तो फेज व्होल्टेज. स्टार जोडणीत लाइन व्होल्टेज हा फेज व्होल्टेजच्या रूट तीन पट. दोनशे चाळीसचे चारशे पंधरा होतात ते असे, सर्रास लोक चारशे चाळीस म्हणतात ते हेच. "एवढी एक लाइन चालते," सर म्हणाले. "बाकी कोणती नाही." आम्ही ते लिहून घेतलं, गणितं सोडवली, मला ती कधी चुकली नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मला येत नव्हतं म्हणून झालं नाही.

मग ती जाहिरात आली. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खासगी कारखान्यात मेंटेनन्स विभागात परमनंट जागा. डिप्लोमा चालणार होता, मुली चालणार होत्या, आणि वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होते. पुढच्या भरतीत मी बसणार नाही हे जाहिरात वाचतानाच कळलं होतं. सरकारी जागांच्या वयातून मी आधीच बाहेर पडले होते. म्हणजे ही शेवटची. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण वर्गात सगळ्यांनाच माहीत होतं. बाकीच्यांनीही अर्ज केले, लेखी परीक्षेतून इंटरव्ह्यूला बोलावणं आलं ते मला एकटीला.

सरांना माझ्याहून जास्त आनंद झाला. क्लास सुटला तरी ते मला थांबवून प्रश्न विचारायचे. बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, उत्तर येत नसेल तर सरळ नाही म्हणायचं, फेकाफेक करायची नाही. वर्गातली पोरंही थांबायची, कुणी साहेब व्हायचं, कुणी एचआर. आंबागडकडून येणाऱ्या पोराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुमच्या खूप मोठ्या पगाराचं तुम्ही का करणार?" मी म्हटलं, "आधी या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी टाकणार." सगळे हसले, आणि हसता हसता सरांनी चष्मा काढून पुसला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या एकटीचं असतं तर पडले असते, उठले असते. इथे आख्खी खोली माझ्या पाठीवर बसली होती.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. शहापूरपाशी ट्रकांची रांग लागली होती, तिथे बस बराच वेळ उभी राहिली आणि मी खिडकीत बसून रूट तीन, रूट तीन करत राहिले. तरी वेळेत पोचले. एसीची खोली, टेबलापलीकडे तिघे. पहिल्याने अर्थिंग विचारलं, दुसऱ्याने मोटरचा स्टार्टर. मी शांतपणे सांगितलं. न्यूट्रलमध्ये करंट असतो का, हा प्रश्न आला तेव्हा तर मला हसूच आलं असतं. दुसऱ्या साहेबांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. मला कळत होतं की जमून राहिलं आहे. आयुष्यात फार कमी वेळा असं वाटलं आहे म्हणून ते मला ओळखता आलं.

तिसरे साहेब वयाने मोठे, बोलायला आपल्याकडचेच. इतका वेळ माझा अर्ज चाळत होते. त्यांनी कागद उलटला आणि म्हणाले, "बरं, लाइन..."

तेवढ्यात चहा आला. शिपायाने कप पुढे केला, त्यांनी तो घेतला, ओठांना लावला आणि वाक्य तिथेच राहिलं.

"कोणती लाइन?" मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे काय, बोट वर करून म्हणाले. शब्द तोडून, सरांच्याच आवाजात. वर्गात ज्या ठसक्यात म्हणायचो, अगदी त्या ठसक्यात. तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं आणि माझं बोट हवेत तसंच राहिलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "व्होल्टेज," ते म्हणाले. "लाइन व्होल्टेज किती, विचारून राहिलो होतो, मॅडम."

पहिला साहेब हसायला लागला. "सर, मॅडम आपलाच इंटरव्ह्यू घेऊन राहिल्या." दुसराही हसला. शिपायाने ट्रेच्या आड तोंड लपवलं.

मी घाईघाईने म्हटलं, "चारशे पंधरा, सर. दोन फेजमधला तो लाइन व्होल्टेज. फेज आणि न्यूट्रलमधला दोनशे चाळीस, त्याला रूट तीनने गुणलं की..." सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकला नाही. पण दुसऱ्या साहेबांनी पेन बंद करून ठेवलं होतं. मोठे साहेब म्हणाले, "इथं शिफ्टमध्ये वरच्याने सांगितलं की आधी ऐका लागते. उलटं विचारलं तर माणूस मरते." मी म्हटलं, "सर, तसं नाही, आमच्या क्लासमध्ये..." आणि पुढे काय सांगणार? की आमच्याकडे लाइन म्हणजे सगळंच असतं, म्हणून आमच्या सरांनी तो शब्द बंद केला, म्हणून आम्ही खेळ म्हणून बोट वर करतो? एसीच्या खोलीत हे कसं सांगायचं? मग त्यांनी विचारलं, लग्न झालं का, रात्रपाळीला घरचे सोडतील का. मी उत्तरं दिली. "कळवू," म्हणाले.

सरांना मी फोनवर सांगितलं, बरा झाला. आशा सुटत नाही माणसाची. रोज काउंटरवर फोन समोर ठेवून उभी राहायची. कुणी वायर मागायला आलं आणि नेमका तेव्हा फोन वाजला तर गिऱ्हाइकाला तसंच सोडून धावायची. फोन आला नाही. शेवटी सुट्टी घेऊन मीच गेले. गेटवरच्या ऑफिसात एक क्लार्क बसला होता. मी नाव सांगायच्या आधीच त्याने माझ्याकडे बघितलं आणि चेहरा उजळला.

"तुम्ही ते 'कोणती लाइन'वाल्या मॅडम काय?"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, ओळख पटल्याचा आनंद होता. तोच मला जास्त लागला. म्हणजे ते आतून गेटपर्यंत पोचलं होतं, जेवणाच्या सुट्टीत सांगून झालं होतं. "यादी तं लागली ना," तो म्हणाला. "तुमचं नाही त्यात. साहेब म्हणे, पोरगी हुशार हाय, पण उलटी बोलते."

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. रागाने रडूही येत नव्हतं. राग साहेबांचा नव्हता, त्या क्लार्कचा नव्हता. मला सगळा राग सरांचा आला होता. बाकीच्या पोरांना काही येत नाही म्हणून ते पडतात. मला येत होतं. सरांनी शिकवलं म्हणून येत होतं आणि सरांनी शिकवलं म्हणूनच गेलं होतं, हे मला सहन होत नव्हतं.

बसमधून उतरून मी थेट जिना चढले. क्लास भरलेला होता. सर फळ्यावर सर्किट काढत होते. मला बघून त्यांनी खडू थांबवला आणि सगळ्या माना वळल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असणार, तरी त्यांनी विचारलं, "काय झालं, बाई?"

"तुमच्या 'कोणती लाइन'ने माझी नोकरी खाल्ली, सर." मी उंबऱ्यातच उभी होते. आवाज चढला होता. सगळं सांगितलं. चहा, बोट, हसणं, गेटवरचा क्लार्क, सगळं. "तिथे सगळे लाइनच म्हणतात, सर. साहेबही लाइनच म्हणतात. जगात आपण एवढेच येडे आहोत जे विचारतात, कोणती."

सर ऐकत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "उत्तर दिलं होतं ना? चारशे पंधरा?"

"दिलं होतं."

"रूट तीन सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग?"

"मंग काही नाही, सर. ते हसून राहिले होते."

सर खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, त्यावर नेहमी हजेरीची वही आणि रुमाल असायचा. मला वाटलं होतं, एकदा तोंडावर बोलले की मोकळं वाटेल. काही वाटलं नाही. खाली जाऊन मालकांकडून किल्ली घेतली, शटर ओढलं आणि घरी गेले.

घरी बाबांना सांगावं लागलं. त्या आठवड्यात एकदा जेवताना वीज गेली तेव्हा अंधारात त्यांचा आवाज आला, "बाई, सप्लाय गेला वाटते." अवघडून, शाळेतल्या पोरासारखा तो शब्द म्हणाले. मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, "लाइन म्हणा, बाबा. लाइनच म्हणा."

क्लासला मी जातच राहिले. खरं तर आता कशाची तयारी करायची होती? वय निघून गेलं होतं. पण दुकान बंद होईपर्यंतचा तो तास काउंटरवर काढायचा की वरच्या बाकावर, एवढाच प्रश्न होता, आणि वर निदान बसायला मिळतं. सरांनी मला कधी का आलीस असं विचारलं नाही. मीही माफी मागितली नाही, कारण मी खोटं काही बोलले नव्हते. त्यांनी मुलाला पुण्याला येतो म्हणूनही कळवलं नाही. सगळं आहे तसं चालू राहिलं. बदललं ते एवढंच की सरांनी बोट वर करणं बंद केलं. कुणाच्या तोंडून लाइन निसटलं, की जुनी पोरं सवयीने सरांकडे बघायची, सर फळ्याकडे बघायचे. हळूहळू पोरांनीही बघायचं सोडलं. काही जण परीक्षेत पडले, काही सुरतला कामाला गेले, आंबागडचा पोरगा जंगलाच्या कामावर लागला. नवी पोरं आली. त्यांना असा काही खेळ या खोलीत होता हे माहीतही नाही.

परवाची गोष्ट. सर करंटचा धडा घेत होते. तलाव काढला नाही, नुसतं सूत्र लिहिलं. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, नुकताच डिप्लोमा झालेली, चांगल्या मार्कांनी. तिने हात वर केला.

"सर, करंट म्हणजे लाइनच ना?"

खडू फळ्यावर थांबला. सर वळले. तिच्याकडे नाही, मागच्या बाकाकडे, माझ्याकडे त्यांनी बघितलं. विचारा, सर. माझं जे व्हायचं ते झालं, पण हिला विचारा. मी एवढं मनात म्हणत होते आणि त्यांना ते दिसत असणार, कारण ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"हो," सर म्हणाले. "तसंच समज."

आणि पुन्हा फळ्याकडे वळले. मुलीने ते वहीत लिहिलं आणि खाली पट्टी धरून रेघ मारली.